इशाऱ्याच्या पाटीवर माणसाचं नाव कुठे आहे?

जुना अमेरिकी चित्रपट घरी पाहायला घेतला की हल्ली कधीकधी सुरुवातीला एक पाटी येते. पुढची काही चित्रणं त्या काळच्या वंशद्वेषातून आलेली आहेत, असं ती बजावते. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर अमेरिकेत लोक रस्त्यावर उतरले होते. तेव्हा एचबीओ मॅक्स या ऑनलाइन चित्रपटसेवेने गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेचे गोडवे गाणारा 'गॉन विथ द विंड' आपल्या यादीतून काढला आणि दोनेक आठवड्यांनी चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रास्ताविकासह परत आणला. त्या वेळी पेटलेला वाद अजून विझलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, असले चित्रपट दाखवूच नका. दुसरी बाजू म्हणते, कलाकृतीला हात लावू नका, पाट्यासुद्धा नकोत.

या वादात मला एक मोठी उणीव दिसते. दोन्ही बाजू प्रेक्षकाविषयी बोलतात. त्याला काय सोसेल, त्याच्या मनावर काय ठसेल, त्याला काय पाहायचा हक्क आहे, एवढ्याभोवतीच सगळी चर्चा फिरते. पण त्या भूमिका ज्यांनी केल्या ती माणसं कोण होती, त्यांच्यापुढे दुसरी वाट होती का, असली तर ती कुणी बंद केली, याची चौकशी क्वचितच होते. चित्रपट काढून टाकला की ही माणसंही त्याच्याबरोबर जातात. नुसती पाटी लावली की ती माणसं 'चुकीचं चित्रण' म्हणून उरतात. मला दोन्ही मान्य नाही. जुने चित्रपट दाखवावेत, अखंड दाखवावेत. त्यांत राबलेल्या माणसांची नावं आणि त्यांच्या कामाची हकिकत सोबत देणं ही मात्र चित्रपटाच्या मालकाची जबाबदारी मानली जावी. असं मला का वाटतं, ते नोबल जॉन्सन या नटाच्या आयुष्यावरून सांगतो.

हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल. चेहरा मात्र लाखो लोकांनी पाहिलेला आहे. १९३३ सालच्या 'किंग काँग'मध्ये जहाज बेटाला लागतं आणि गोऱ्या मंडळींना प्रचंड तटबंदीपाशी चाललेला एक विधी दिसतो. त्या विधीच्या मधोमध उभा असलेला टोळीप्रमुख म्हणजे नोबल जॉन्सन. पाहुणे दिसताच तो हात उंचावून सगळं थांबवतो, पायऱ्या उतरून येतो, त्यांना न्याहाळतो आणि सोनेरी केसांच्या बाईच्या बदल्यात आपल्याकडच्या सहा बायका देऊ करतो. संवाद प्रेक्षकाला न कळणाऱ्या बोलीत आहेत. प्रसंग जितका अपमानकारक लिहिलेला आहे, तितकाच तो नट त्यात भक्कम आहे. त्याच्या चालीत घाई नाही, आवाज छातीतून येतो, आणि त्या गर्दीत हुकूम कुणाचा चालतो याविषयी क्षणभरही शंका उरत नाही. हे लिखाणातून आलेलं नाही. लिखाणात फक्त एक 'रानटी' होता. त्याला वजन दिलं ते या माणसाने.

नोबल मार्क जॉन्सनचा जन्म १८८१ मध्ये मिसुरी राज्यातल्या मार्शल गावी, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील घोडे तयार करणारे, त्या कामात नाव कमावलेले. कुटुंब कोलोरॅडो स्प्रिंग्जला आलं आणि मुलगा घोड्यांतच वाढला. शाळा लवकर सुटली, मग वडिलांबरोबर घोड्यांची कामं, गुराख्याची कामं. उंची सहा फुटांच्या वर, अंग भरलेलं, रंग उजळ. १९१४ च्या सुमारास फिलाडेल्फियाची लुबिन कंपनी कोलोरॅडोत चित्रीकरण करत होती. अमेरिकेतल्या मूलनिवासी माणसाची भूमिका करणारा नट जखमी झाला आणि धाडसी घोडेस्वार हवा म्हणून जॉन्सनला उभं केलं, असं सांगतात. म्हणजे पहिल्याच कामात एका कृष्णवर्णीय माणसाने दुसऱ्याच एका समाजाचा माणूस साकारला. पुढची पस्तीस वर्षं बहुतेक हेच चाललं.

पण त्या पस्तीस वर्षांत थोडा काळ असा होता की हा माणूस पडद्यावर स्वतःच्या समाजाचा नायक होता. त्या काळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

१९१५ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. त्यात गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना तारणहार ठरली होती आणि मुक्त झालेले गुलाम गोऱ्या स्त्रियांच्या मागे लागणारे दाखवले होते. त्यांतल्या सर्वांत भयानक ठरवलेल्या गस नावाच्या माणसाची भूमिका वॉल्टर लाँग या गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून केली होती. देशभर निदर्शनं झाली, काही शहरांत बंदीच्या मागण्या झाल्या. पण नुसता निषेध करून पडद्यावरचं चित्र बदलत नाही, त्यासाठी दुसरा चित्रपट काढावा लागतो, असं काहींच्या मनाने घेतलं. नोबल आणि त्याचा भाऊ जॉर्ज हे त्यांच्यातले. १९१६ मध्ये लिंकन मोशन पिक्चर कंपनी उभी राहिली. अध्यक्ष नोबल, चिटणीस क्लेरेन्स ब्रुक्स नावाचा नट, खजिनदार जेम्स स्मिथ नावाचे डॉक्टर. कॅमेरा हॅरी गँट या गोऱ्या छायाचित्रकाराकडे. जॉर्ज ओमाहा शहरात टपाल खात्यात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात पत्रं लिहून, कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं, चर्च, शाळा यांच्या ओळखीने चित्रपटाचे खेळ लावायचा.

त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा नायक कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत शिकलेला तरुण अभियंता. कॅलिफोर्नियात तेलाच्या विहिरींवर कामाला जातो, कातडीच्या रंगामुळे नाकारला जातो, मालकाच्या मुलीला अपघातातून वाचवतो, काम मिळवतो आणि शेवटी आपल्या बापाच्या जमिनीत तेल आहे हे शोधून काढतो. ही भूमिका नोबलची. दुसऱ्या चित्रपटात तो दहाव्या घोडदळाचा शिपाई होता. हे कृष्णवर्णीयांचं घोडदळ जून १९१६ मध्ये मेक्सिकोत कारिझालला लढलं, त्यात माणसं मेली, पकडली गेली. ती लढाई ताजी असतानाच त्यांनी तिच्यावर चित्रपट काढला. या कथा आज भाबड्या वाटतील. शिकलेला, कष्टाळू, देशासाठी लढणारा नायक ही मांडणी साधी आहे. पण त्या वेळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर टोपी नीट घालून, आपल्या कामाची कागदपत्रं हातात धरून नोकरी मागायला जातो, एवढं दिसणंही नवं होतं. ज्या थिएटरांत हे चित्रपट लागले तिथे लोक लोटले.

कंपनीला भांडवल फार नव्हतं. एका चित्रपटाच्या मिळकतीतून पुढचा चित्रपट उभा राहायचा, प्रती मोजक्या होत्या आणि कृष्णवर्णीयांना मानाने बसू देणारी थिएटरंही मोजकीच होती. नोबल एकीकडे युनिव्हर्सल या हॉलिवुडच्या स्टुडिओत मालिकापटांत छोट्या भूमिका करायचा आणि तो पैसा लिंकनमध्ये घालायचा. हाच पुढे त्याच्या गळ्याचा फास ठरला. एकाच वस्तीत एका थिएटरला लिंकनचा चित्रपट, नोबल नायक, बाहेर त्याचं मोठं पोस्टर. जवळच्याच थिएटरला युनिव्हर्सलचा चित्रपट, त्यात तोच नोबल कुठेतरी कोपऱ्यात. लोक साहजिकच पहिल्या थिएटरकडे वळायचे. दुसऱ्या थिएटरवाल्यांची ही तक्रार युनिव्हर्सलपर्यंत गेली आणि त्याच्यापुढे सरळ निवड ठेवण्यात आली. लिंकनसाठी काम करणं आणि त्यांच्या जाहिरातींत आपलं नाव-चेहरा वापरू देणं थांबवायचं, नाहीतर युनिव्हर्सलचं काम सोडायचं. १९१८ मध्ये नोबलने लिंकनचं अध्यक्षपद सोडलं.

या घटनेकडे आपण जरा नीट पाहायला हवं. युनिव्हर्सलचे प्रमुख होते कार्ल लेमली. चित्रपटसृष्टीच्या इतिहासात लेमलींचं एक काम मानाने सांगितलं जातं. १९१० पर्यंत नटनट्यांची नावं कंपन्या सहसा जाहीरच करत नसत. नाव झालं की पगार वाढवून मागतील, ही भीती. लेमलींनी फ्लॉरेन्स लॉरेन्स या नटीला आपल्याकडे ओढलं आणि तिच्या नावाची जोरदार जाहिरात केली. ताऱ्यांची प्रथा तिथून सुरू झाली, असं मानतात. हेच लेमली चित्रपट-तंत्राच्या पेटंटांवर उभ्या असलेल्या एडिसनच्या मक्तेदारीशीही झगडले होते. म्हणजे नावाची किंमत काय असते आणि मोठ्या कंपनीने लहान माणसाचा गळा आवळला की कसं वाटतं, या दोन्ही गोष्टी ज्या घराला पुरेपूर माहीत होत्या, त्याच घराने आठ वर्षांनी एका कृष्णवर्णीय नटाचं नाव त्याच्याच कंपनीच्या पोस्टरवरून उतरवायला लावलं. हे अज्ञानातून झालं नाही. त्या नावाला गर्दी खेचता येते, हे कळल्यामुळेच ते झालं.

लिंकन कंपनी आणखी काही वर्षं तगली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत थिएटरं बंद पडली, हातातला पैसा आटला. त्याच वर्षी जॉर्जने ऑस्कर मिशो या कादंबरीकाराशी त्याच्या कादंबरीवर चित्रपट काढण्याबद्दल पत्रव्यवहार केला. मिशोने दिग्दर्शन मीच करणार असा आग्रह धरला, बोलणं फिसकटलं, आणि मिशोने स्वतःची कंपनी काढून पुढची तीस वर्षं चित्रपट केले. १९२१ च्या 'बाय राइट ऑफ बर्थ'नंतर लिंकनचं काम थांबलं. त्या सगळ्या उद्योगातून आज हाताला लागतो तो याच चित्रपटाचा काही मिनिटांचा तुकडा. नोबल नायक असलेला लिंकनचा एकही चित्रपट आपण पाहू शकत नाही.

म्हणून मला त्याच्या चरित्रातलं एक नेहमीचं वाक्य पटत नाही. 'त्याने जवळपास प्रत्येक वंशाची भूमिका केली, इतका तो अष्टपैलू होता,' असं कौतुकाने लिहिलं जातं. भूमिकांची यादी खरोखर थक्क करणारी आहे. 'रॉबिन्सन क्रूसो'च्या मालिकापटात फ्रायडे. 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपॉकलिप्स'मध्ये चार स्वारांपैकी एक. बस्टर कीटनच्या 'द नॅव्हिगेटर'मध्ये नरभक्षकांचा प्रमुख. १९३० च्या 'मोबी डिक'मध्ये क्वीक्वेग हा बेटावरून आलेला भालाफेक्या. 'द ममी'मध्ये जिवंत झालेल्या ममीच्या, इमहोतेपच्या, इच्छेने चालणारा न्युबियन नोकर. १९३२ च्या 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये तर रंग गोरा करून, दाढी चिकटवून तो इव्हान नावाचा कोसॅक झाला. हा चित्रपट आणि 'किंग काँग' एकाच स्टुडिओत, एकाच जंगलाच्या सेटवर झाले. सेट तोच, नट तोच. एकीकडे रशियन चाकर, दुसरीकडे बेटावरचा टोळीप्रमुख.

आणि १९२४ च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये तो हिंदुस्थानचा राजपुत्र होता. राजकन्येला मागणी घालायला तीन राजपुत्र येतात. मंगोल राजपुत्राची भूमिका सोजिन या जपानी नटाने केली. इराणच्या राजपुत्राची भूमिका मातिल्द कोमाँ या फ्रेंच बाईने केली. आणि आपल्याकडचा, मोठ्या मूर्तीच्या डोळ्यातला जादूचा स्फटिक मिळवणारा राजपुत्र मिसुरीच्या कृष्णवर्णीय घोडेस्वाराने. मराठी प्रेक्षक म्हणून तो प्रसंग पाहताना मला त्या राजपुत्रात आपलं काही सापडत नाही, सापडेल अशी अपेक्षाही नाही. तिथे 'हिंदुस्थान' म्हणजे फेटा, दागिने आणि कपाळावरची आठी. पण त्या आठीमागे सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या कंपनीचं अध्यक्षपद सोडावं लागलेला माणूस होता हे कळलं की प्रसंग वेगळा दिसतो.

हे रूपपालट शक्य झाले त्यात त्या काळच्या फिल्मचाही हात होता. सुरुवातीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे तांबूस, तपकिरी छटा पडद्यावर प्रत्यक्षापेक्षा गडद दिसायच्या, आणि चेहरा कसा दिसणार हे पुष्कळसं रंगभूषेवर ठरायचं. विसाच्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग पकडणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली तरी चित्र कृष्णधवलच राहिलं. त्यात उजळ रंगाच्या, रुंद चेहऱ्याच्या या माणसाला कुठेही बसवता येत होतं. पण तंत्राने नुसती मुभा दिली होती. मुभेचा वापर कोणत्या बाजूने करायचा हे स्टुडिओने ठरवलं. नोबलला अरब, मूलनिवासी, मंगोल, रशियन काहीही होता येत होतं. शिकलेला कृष्णवर्णीय अमेरिकी अभियंता मात्र त्याला होता येत नव्हतं, जो तो एकदा झालेला होता.

आणि इथे लॉन चॅनीचं नाव घ्यायलाच हवं. चॅनीचा जन्म १८८३ चा, कोलोरॅडो स्प्रिंग्जचा. दोघे एकाच गावात वाढले, शाळेपासूनची ओळख होती. चॅनीने चेहरा बदलण्याच्या कलेत जगभर नाव मिळवलं. 'हजार चेहऱ्यांचा माणूस' ही त्याची पदवी. कुबडा घंटावाला, ऑपेराच्या तळघरातला विद्रूप संगीतकार, या त्याच्या भूमिका लोक अजून पाहतात, आणि त्या युनिव्हर्सलच्याच. १९२७ मध्ये त्याने चिनी माणसाची भूमिका केली, ती कलेतली कर्तबगारी ठरली. चॅनीच्या प्रतिभेबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. बहिऱ्या-मुक्या आईवडिलांच्या या मुलाने हावभावांची भाषा घरातच शिकली आणि ती पडद्यावर आणली. पण एकाच गावातून आलेले दोन नट, दोघेही चेहरे बदलणारे. एकाचे हजार चेहरे एका नावाखाली गोळा झाले आणि पोस्टरवर गेले. दुसऱ्याच्या शंभराहून अधिक चेहऱ्यांमागे नाव उरलंच नाही. कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तो नाही. ज्यांत आहे त्यांतही पुष्कळदा यादीच्या तळाशी. फरक प्रतिभेचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. चॅनीचा चेहरा बदलायचा तेव्हा बदलाखाली कोण आहे हे प्रेक्षकाला माहीत असायचं, आणि त्या माहितीतच सगळी गंमत होती. नोबलच्या बाबतीत खाली कोण आहे हे माहीत नसणं हीच स्टुडिओची गरज होती.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. असल्या भूमिका स्वीकारून या नटांनी आपल्याच समाजाची, आणि इतर दुबळ्या समाजांचीही, बदनामी होऊ दिली, असं तेव्हाही म्हटलं जात होतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवुडच्या स्टुडिओप्रमुखांना भेटले आणि कृष्णवर्णीयांना बऱ्या भूमिका द्या, असा आग्रह त्यांनी धरला. त्यावर मोलकरणी-नोकरांच्या भूमिका करून जगणारे कृष्णवर्णीय नटच अस्वस्थ झाले. आमच्याशी न बोलता आमच्या पोटावर पाय का देता, हा त्यांचा सवाल होता. व्हाइट यांची मागणी योग्य होती आणि नटांचा सवालही खोटा नव्हता. नोबलच्या भूमिकांनी इतर समाजांचं नुकसान केलं हेही खरं. मूलनिवासी लोकांना पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत नव्हता, आणि तो अडवणाऱ्यांच्या रांगेत नाइलाजाने का होईना, हा माणूसही उभा होता.

पण दोष मोजताना निवड कुणाच्या हातात होती हे आधी पाहायला हवं. १९३० मध्ये लिहिलेल्या आणि १९३४ पासून सक्तीने लागू झालेल्या, हॉलिवुडच्या स्टुडिओंनी स्वतःवर घालून घेतलेल्या निर्मिती संहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले शरीरसंबंध दाखवायला मनाई होती. बहुतेक सगळ्या कथा गोऱ्या नायिकेभोवती फिरत असताना या एका कलमाने कृष्णवर्णीय पुरुषाला नायकपदाचं दार बंद केलं. स्वतःच्या समाजाचे चित्रपट काढावेत तर काय होतं ते नोबलने १९१८ मध्येच पाहिलं होतं. इतर कृष्णवर्णीय नटांच्या बाबतीत 'दुसरी वाट शोधायची होती' असं म्हणायला निदान जागा आहे. नोबलने दुसरी वाट शोधली होती, बांधली होती, तिच्यावर लोक चालू लागले होते. त्याच्या पुढच्या प्रत्येक 'रानट्या'चा हिशेब त्या राजीनाम्यापासून मांडायला हवा.

क्लेरेन्स ब्रुक्सचं उदाहरण इथे बोलकं आहे. लिंकन कंपनीचा हा चिटणीस १९३१ मध्ये जॉन फोर्डच्या 'ॲरोस्मिथ'मध्ये वेस्ट इंडीजमधल्या कृष्णवर्णीय डॉक्टराच्या भूमिकेत दिसतो. शांत, सुशिक्षित, आपल्या कामात निष्णात डॉक्टर. हॉलिवुडला अशी भूमिका लिहिता येत होती आणि ती करणारे नट गावातच होते, याचा हा पुरावा. असे पुरावे फार थोडे आहेत. त्यामुळे 'काळच तसा होता' ही सबब मला मान्य होत नाही. त्याच काळात, त्याच शहरात वेगळं करून दाखवणारे होते. त्यांना अडवलं गेलं.

अमेरिकेतल्या या जुन्या अन्यायाचं मराठी माणसाने काय करायचं, असं कुणी विचारलं तर आपला हा संबंध फार जुना आहे, एवढंच सांगेन. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. मुंबईत १९७२ मध्ये तरुणांनी संघटना उभारली तेव्हा 'पँथर' हे नाव त्यांनी तिथूनच घेतलं. कुणाचं नाव कुठे लिहिलं जातं आणि कुठून पुसलं जातं, हा प्रश्न आपल्याकडे कधीच परका नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे. इशाऱ्याची पाटी काय करते? ती म्हणते, हे चित्रण चुकीचं होतं. बरोबर. पण चूक कुणाची हे ती सांगत नाही. कर्ता नसलेलं ते वाक्य असतं. पूर्वग्रह 'त्या काळात होते', जणू हवेत तरंगत होते. ज्यांनी ते विकले, त्यांतून पैसा केला आणि वेगळं काही करू पाहणाऱ्याला अडवलं, त्या कंपन्या पाटीत नसतात. ज्यांच्या अंगावर ते पूर्वग्रह चढवले गेले ती माणसंही नसतात. उरतो फक्त सावध केलेला प्रेक्षक. आणि चित्रपट काढून टाकणं याहून वाईट. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार तिथे निघालेल्या जवळपास अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले फक्त १४ टक्के, आणि सुमारे ७० टक्के कायमचे गेले. नोबलची मानाची कामंही अशीच गेली. जे उरलं आहे त्यात बहुतेक नरभक्षक, नोकर आणि टोळीप्रमुख. तेही पडद्याआड टाकलं तर हा माणूस दुसऱ्यांदा पुसला जाईल, आणि या वेळी भल्या हेतूने.

मग काय करावं? जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रास्ताविकाने एक वाट दाखवली आहे. 'गॉन विथ द विंड'मधल्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभात तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं. हे आज पुष्कळांना ठाऊक आहे, कारण कुणीतरी ते चित्रपटाला जोडून सांगितलं. शिवाय तेव्हा सहायक भूमिकेसाठी पुतळा मिळत नसे, छोटी फलकवजा पट्टी मिळायची. पूर्ण पुतळे सुरू झाले ते १९४३ च्या चित्रपटांपासून. मॅकडॅनियलची पट्टी हॉवर्ड विद्यापीठाकडे होती, ती हरवली, आणि २०२३ मध्ये अकादमीने विद्यापीठाला तिची बदली प्रत दिली. इतकी दखल पुरस्कार मिळालेल्या नटीच्या वाट्याला आली. ज्यांना पुरस्कार सोडाच, श्रेयनामावलीत ओळही मिळाली नाही, त्यांच्यासाठी हे कोण करणार?

माझी मागणी साधी आहे. ज्या कंपनीकडे जुन्या चित्रपटाचे हक्क आहेत आणि जी आजही त्यातून पैसा कमावते, तिने चित्रपटाची नवी प्रत काढताना, तो ऑनलाइन ठेवताना, त्यात काम केलेल्या ज्या ज्या नटांची ओळख पटलेली आहे त्यांची नावं भूमिकेसह द्यावीत. मूळ नामावलीला धक्का नको, ती इतिहासाचा कागद आहे. नवी नामावली तिच्यानंतर जोडावी. आणि वंशद्वेषाची पाटी लावायचीच असेल तर तिने माणसांची नावं घेऊन बोलावं. 'किंग काँग'पुरतं सांगायचं तर ती असं म्हणेल: टोळीप्रमुखाची भूमिका करणारे नोबल जॉन्सन हे कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेल्या लिंकन मोशन पिक्चर कंपनीचे पहिले अध्यक्ष होते. दुसऱ्या स्टुडिओच्या दबावामुळे त्यांना ते पद सोडावं लागलं. ही दोन वाक्यं वाचून पुढचा प्रसंग पाहणारा कुणीही त्या टोळीप्रमुखाकडे पूर्वीसारखं पाहणार नाही. 'हे चित्रण चुकीचं आहे' असं त्याला वेगळं बजावावंही लागणार नाही.

हे काम अवघड आहे, नोंदी नाहीत, असं उत्तर येईल. नोंदी आहेत, कारण एका टपाल कर्मचाऱ्याने त्या जपल्या. जॉर्ज जॉन्सनने कंपनी बंद झाल्यावरही कृष्णवर्णीय चित्रपटांविषयी मिळेल ते कात्रण, पत्र, पोस्टर, छायाचित्र जमवणं सोडलं नाही. तो संग्रह आज लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे, त्याच्या दीर्घ मुलाखतीही तिथे नोंदवलेल्या आहेत. युनिव्हर्सलच्या दबावाची हकिकत आपल्याला कळते ती बरीचशी त्याच्याचमुळे. भावाचं नाव पोस्टरवरून उतरलं, पण कागदावरून उतरू नये याची काळजी त्याने घेतली. पगारी माणसांचे ताफे बाळगणाऱ्या कंपन्यांना जे जमत नाही असं त्या म्हणतात, ते एका माणसाने नोकरी सांभाळून केलं.

दुसरं उत्तर असं येईल की नामावली वाचतो कोण? प्रेक्षक वाचत नसतील. पण नामावली प्रेक्षकासाठीच असते, असं कुठे आहे? ज्याने काम केलं त्याच्या कामाची ती पावती आहे. नोबलने १९४९ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, जॉन फोर्डच्या 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये रेड शर्ट नावाचा मूलनिवासी योद्धा केला. १९५० मध्ये काम थांबवलं. त्यानंतर तो अठ्ठावीस वर्षं जगला आणि १९७८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या युकायपा इथे वारला, शहाण्णव वर्षांचा होऊन. या अठ्ठावीस वर्षांत 'किंग काँग' पुन्हा पुन्हा थिएटरात आला, दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, नव्या पिढ्यांनी पाहिला. त्याला विचारायला, त्याच्याकडून लिहून घ्यायला पुरेसा वेळ होता. तो वेळ गेला. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आज निदान नाव लिहिता येईल, आणि त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.